भिंतीत एचडीएमआय गाडण्यापूर्वी

घराचे काम काढलेल्यांना हल्ली मोबाइलवर एक सल्ला हमखास येतो. दिवाणखान्यातील सेट-टॉप बॉक्सचे चित्र इतर खोल्यांतील टीव्हींवर न्यायचे असेल, तर प्लास्टरपूर्वीच सोन्याचा मुलामा असलेल्या महागड्या एचडीएमआय केबली (टीव्हीला चित्र आणि आवाज पोहोचवणाऱ्या तारा) भिंतीत टाकाव्यात. सिग्नल डिजिटल असल्याने लांबीची चिंता नको. स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक टीव्हींना वाटून देणारी पेटी, लावला की काम झाले. कॅट-६ ही नेटवर्कची तार केवळ इंटरनेटसाठी असते. यातले ‘प्लास्टरपूर्वी’ एवढेच मला मान्य आहे.

मुलामा पिनांना गंजू देत नाही. चित्राच्या प्रतीशी त्याचा संबंध नाही.

लांबीचे विधान मात्र खरोखर नुकसान करणारे आहे. आकडे डिजिटल असले तरी तारेतून धावतो तो विद्युत सिग्नलच. तो अंतरागणिक क्षीण होतो आणि वेग वाढेल तसा अधिकच क्षीण होतो. सेकंदाला ६० फ्रेमचे १०८०पी चित्र सुमारे ४.५ गिगाबिट वेग मागते, तर तेवढ्याच फ्रेमचे पूर्ण रंगांचे ४के चित्र सुमारे १८. म्हणूनच जी १५ मीटरची तांब्याची केबल जुन्या टीव्हीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली, तीच नवा टीव्ही आणल्यावर ठिपके चमकवू लागते किंवा पडदा मध्येच काळा करते. एवढ्या वेगासाठी साध्या केबलवर ५ मीटरच्या पुढे मी तरी विसंबणार नाही. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल लांब जाते, पण तिला दिशा असते. उलटी ओढली गेली तर चित्र येत नाही.

शिवाय एचडीएमआय केबलचे डोके, म्हणजे टोकाचा कनेक्टर, कारखान्यातच बसवलेले असते. आमच्याकडे एक इंची पाइपातून केबल ओढताना ते दुसऱ्या बेंडमध्ये असे रुतले, की शेवटी भिंत फोडावी लागली. कॅट-६ मोकळ्या टोकाने ओढून कनेक्टर नंतर बसवता येतो.

साध्या स्प्लिटरला एक टीव्ही १०८०पीचा जोडला, तर पुष्कळदा तो सर्वांनाच १०८०पी देतो. आणि सगळीकडे एकच चॅनल दिसतो. आजीला मालिका आणि नातवाला क्रिकेट हवे असेल, तर वेगळा बॉक्स किंवा अनेक बॉक्समधून प्रत्येक टीव्हीला हवे ते चित्र निवडून देणारा मॅट्रिक्स स्विच लागतो.

कॅट-६वरून, तिच्या दोन टोकांना पाठवणारी आणि घेणारी अशा दोन पेट्या लावून, चित्र नेणारे एचडीबेसटी तंत्र २०१०पासून आहे आणि १०८०पी चित्र ते १०० मीटरपर्यंत पोहोचवते. ४केसाठी उपकरणावर लिहिलेले अंतर आणि वेग पाहूनच खरेदी करावी, आणि ही तार राउटर किंवा नेटवर्क स्विचमधून न नेता थेट या दोन्ही पेट्यांना जोडावी. म्हणून प्रत्येक टीव्हीमागे दोन कॅट-६ तारा आणि एक रिकामा पाइप, आत ओढदोरी घालून, ठेवावा.

तार घेताना दुकानातच टोक सोलून एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा: आत पांढरट चमक दिसली, तर ते तांब्याचा थर दिलेले ॲल्युमिनियम आहे आणि ते गुंडाळे परत करावे.