साडेपाच तास कुठं गेले बाप्पा?

आमच्या काकाले कापूस विकाचा टोकन मीच मोबाईलवर काढून देल्ला, साइटवर टाइम दिसला पहाटे 4:30, म्हणून काका रात्री 2 लेच गाडी भरून निघाले अन् जिनिंगच्या गेटसमोर थंडीत कुडकुडत बसले, चौकीदार म्हणे गेट त 10 ले उघडते. 10 वजा साडेपाच, 4:30! सर्व्हरचा यूटीसी टाइम (जगाचा प्रमाण टाइम, आपल्याहून साडेपाच तास मागं) जसाच्या तसा दाखवला होता, बाकी काही नाही.

मी सोता वेबचंच काम करतो म्हणून जास्त राग येते. ब्राउझर टाइम झोनचं (म्हणजे आपण कोणत्या भागाची वेळ पाळतो त्याचं) नाव स्वतःच देते ना, जावास्क्रिप्टची एक ओळ लागते! पण काही ब्राउझर अजूनही 'एशिया/कलकत्ता' सांगतात, या साइटवाल्यायच्या यादीत फक्त 'एशिया/कोलकाता', जुळत नाही म्हणून गुपचूप यूटीसी. अरे दोन्ही एकच झोन हाय, जुनं नाव टाकून ठेवा ना यादीत! कोणी आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) झोनचा अंदाज लावते, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या जागेवरून फिरवणारं ॲप) असला की माणूस थेट परदेशात. कोणी निस्ता ऑफसेट (यूटीसीपासून किती तासाचा फरक तो आकडा) जपून ठेवते, आपलं जमून जाते कारण आपण वर्षभर +5:30, पण न्यूयॉर्क हिवाळ्यात -5 अन् उन्हाळ्यात -4, तिथं काय करसान? अन् ड्रॉपडाउनमध्ये पूर्ण तासच असले त आम्ही 5 निवडाचं का 6?

अन् काहीच नाही जमलं त वेळेसमोर निदान 'यूटीसी' तरी लिहा राजेहो. काका दोन दिवसापासून तापानं फणफणून राह्यले.