शंभर टक्क्यांचा फ्लेक्स आणि मेडिकलवाल्याची पोरगी

विषय निघाला फ्लेक्सवरून. आम्ही संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या ओट्यावर बसतो, तिथं सध्या दहावीच्या निकालाचे तीन फ्लेक्स लागलेत. एक संस्थेच्या शाळेचा, एक क्लासवाल्याचा, एक पुढाऱ्याचा. तिन्हींवर पहिला फोटो एकाच पोरीचा. कंडक्टर म्हणाला, "पोरगी एक अन् बाप तीन!"

मेडिकलवाल्याला काही हसू येईना. त्याची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवी झाली, पुढं तिथं वर्गच नाही. आठवीला तालुक्याला यायचं. पण कुठं? जि.प. प्रशाला म्हणजे जिल्हा परिषदेचं हायस्कूल, संस्थेची अनुदानित शाळा, का पिवळ्या बसवाली इंग्लिश मीडियम?

"त्यात विचार कसला?" वकील. "संस्थेचा निकाल शंभर टक्के. प्रशालेचा त्याहून बराच खाली. विषय संपला."

मास्तर दुसऱ्या गावी अनुदानित शाळेवर आहेत, त्यामुळे त्यांना आतलं सगळं ठाऊक. "शंभर टक्के कशाचे? ही पोरं आठवीत किती होती, ते लिहिलंय का कुठं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. नववीत पोरगं कच्चं दिसलं की बापाला बोलावणं जातं. टीसी काढा, 17 नंबरचा फॉर्म भरा, पोराचं वर्ष वाचंल. पोरगं खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसतं आणि शाळेच्या टक्केवारीतून अलगद बाहेर पडतं. नाहीतर टीसी घेऊन प्रशालेत जातं. प्रशाला कुणाला नाही म्हणत नाही. मार्चमध्ये ते गणितात उडालं की निकाल कुणाचा पडला? प्रशालेचा.

"हे सगळ्या संस्थांना लावू नका," वकील तापले.

"सगळ्यांना कुठं लावतोय? विचारून बघा म्हणतोय."

मी मध्ये तोंड घातलं. मुळात या टक्केवारीचाच काय भरवसा? राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढले, निकाल थेट 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत दिले आणि 2020 ला 95.30! कोरोनात भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचाही थोडा हात असेल. पण एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली का? आणि 2021 ला तर परीक्षाच नव्हती, निकाल 99.95. हे 20 गुण शाळेच्याच हातात, त्यामुळे पस्तिशीच्या काठावरचं पोरगं तारायला फार कष्ट पडत नाहीत.

"मग प्रशालाच चांगली म्हणायचं का?" वकिलांनी मला कोपऱ्यात घेतलं. वकिलांचे वडील प्रशालेतच शिकलेले. मराठवाड्यात प्रशाला ही एक वेगळीच गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की रयतसारखी संस्था डोळ्यांपुढं येते, आपल्याकडं निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा 1962 नंतर जिल्हा परिषदांच्या गळ्यात आल्या. इमारती दगडी, पटांगणं ऐसपैस. पण परवा मी कामानिमित्त आमच्या प्रशालेत गेलो होतो. प्रयोगशाळेच्या कपाटात तराजू होता, अजून थर्माकोलात, वरचा पारदर्शक कागदसुद्धा फाडलेला नाही. चावी कुणाकडं, तर लिपिकाकडं, आणि लिपिक पंचायत समितीत. विज्ञानाची जागा रिकामी, गणिताच्या बाई बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या कामावर. पोरांनी शिकायचं कुणाकडून?

नवोदयचा विषय मास्तरांनी दोन वाक्यांत मिटवला. परीक्षा पाचवीत असताना द्यायची, जिल्ह्याला जागा 80. आता नववीला जागा रिकामी झाली तर बघू.

इंग्लिश मीडियमवर मेडिकलवाला अडला होता. "पुढं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बरं पडतं म्हणतात." मास्तरांनी विचारलं, सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या लेकराला आठवीत एकदम इंग्रजीतून बीजगणित? आणि एनएमएमएस शिष्यवृत्ती विसरलास काय? आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला हजार रुपये. शाळा मात्र सरकारी, जिल्हा परिषदेची नाहीतर अनुदानित पाहिजे.

"उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत लागतं," वकील म्हणाले. "याचं बसेल का?"

"कागदावर बसतंय," कंडक्टर म्हणाला, आणि मेडिकलवाल्याला पहिल्यांदा हसू आलं.

पण त्या दिवशीचा खरा मुद्दा कंडक्टरनंच काढला. त्याच्या बसमध्ये रोज शाळेच्या पोरी असतात. पास फुकट, मानव विकासची निळी बसही आहे. पण संस्थेच्या शाळेत दहावीचे जादा तास संध्याकाळी पाच ते सहा, आणि त्या रूटची शेवटची गाडी सव्वापाचला. "गावाकडच्या पोरी दप्तर आवरून निघतात. जादा तास कुणासाठी? इथं राहणाऱ्यांसाठी. मग फ्लेक्सवर फोटो कुणाचे येणार?" प्रशालेनं जादा तास सकाळी ठेवलेत, तेवढं एक मात्र केलंय त्यांनी.

वकील गप्प बसले नाहीत, ते बसतही नाहीत. म्हणाले, सकाळी तास ठेवले पण घेणार कोण, बाई तर याद्या करतायत! हेही खरंच. मला विचाराल तर निकालाचा आकडा बाजूला ठेवून तीन वर्षांमागचा आठवीचा पट आणि यंदा दहावीला बसलेली पोरं शेजारी-शेजारी मांडावीत, आणि त्यातल्या एसटीनं येणाऱ्या पोरींचं काय झालं तेवढं वेगळं बघावं. दोन्ही शाळांचं. मग बोलू.

मेडिकलवाला म्हणाला, सोमवारी दोन्हीकडं जातो, पोरीला घेऊनच जातो, आणि हजेरीपट मागतो.

"दाखवणार नाहीत," मास्तर.

"नाही दाखवला तर माहिती अधिकार टाकू," वकिलांना एकदम हुरूप आला. "अनुदान घेतात म्हणजे कायदा लागू. तीस दिवसांत उत्तर, नाहीतर अपील, नाहीतर आयोग."

कंडक्टरनं चहाचे पैसे ठेवले. "टाका. तोवर पोरगी बारावी होईल."