ओपनला ‘डब्ल्यू’ द्या आणि निर्धास्त राहा? अजिबात नको

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फाइल बनवायची असो की उघडायची, ओपनला डब्ल्यू द्या. नसेल तर बनते, असेल तर उघडते. क्लोज करायची गरज नाही, मराठीही आपोआप चालतं.’ ओपन ही फाइल उघडायची आज्ञा, क्लोज ती बंद करायची; आणि ‘डब्ल्यू’ हा मोड, म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडायची हे सांगणारं अक्षर. नवशिक्यांच्या हाती हा सल्ला पडू नये असं मला मनापासून वाटतं.

‘नसेल तर बनते’ हे खरं. फक्त फोल्डर आधीपासून हवा, तो ओपन बनवत नाही.

‘असेल तर उघडते’ हे मात्र घातक आहे. उघडते, पण रिकामी होऊन! देवगडच्या एखाद्या बागायतदाराच्या मुलीने हंगामभर पेट्यांचा हिशोब ‘पेट्या.टीएक्सटी’मध्ये ठेवलाय असं धरा. आजची नोंद टाकायला तिने ओपन("पेट्या.टीएक्सटी", "डब्ल्यू") लिहिलं, की ती ओळ चालताक्षणी फाइल शून्य बाइटची होते. राइटची ओळ अजून यायचीच असते. पुढे एरर येऊन प्रोग्राम थांबला तरी जुना हिशोब गेलेलाच, आणि रिसायकल बिनमध्येही तो सापडणार नाही. तिला हवा होता ‘ए’ मोड: नसेल तर फाइल बनवतो, असेल तर शेवटी भर घालतो. नवीनच फाइल हवी आणि जुनीला धक्का नको, तर ‘एक्स’ आहे. तो पायथन 3.3 मध्ये, 2012 साली आला. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो सरळ नकार देतो.

हा सल्ला मुलांना का पटतो, तेही कळतं. मोड न दिल्यास ‘आर’, म्हणजे फक्त वाचायचा मोड, धरला जातो आणि फाइल नसेल तर ‘फाइलनॉटफाउंडएरर’ येते. डब्ल्यू दिलं की ती एरर गायब होते. पण ती एरर बहुतेकदा नावातली किंवा पाथमधली चूकच दाखवत असते. तिला गप्प कशाला करायचं?

क्लोजचं म्हणाल, तर राइट केलेला मजकूर आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, थांबतो. प्रोग्राम नीट संपला तर तो सहसा फाइलमध्ये उतरतो, म्हणून क्लोज विसरलेलं खपून जातं. मे महिन्यात वळीव आला, वीज गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर बफरमधलं सगळं गेलं. ‘विथ’ वापरा, म्हणजे ओपनची ओळ ‘विथ’ने सुरू करा. 2006 च्या पायथन 2.5 पासून तो आहे, आणि मध्येच एरर आली तरी फाइल बंद करतो. प्रोग्राम तासन् तास चालणार असेल तर प्रत्येक नोंदीनंतर फ्लश (बफर रिकामा करणं) आणि मग ओएस.एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरवायला लावणं) करा. नुसत्या फ्लशने मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो, डिस्कवर उतरलाच असं नाही.

राहिलं मराठी. लिनक्सवर बहुधा चालतं. इंग्रजी विंडोजवर मात्र ‘हापूस’ लिहिताच ‘युनिकोडएन्कोडएरर’, म्हणजे ही अक्षरं साठवता येत नाहीत अशी एरर, येऊ शकते, आणि डब्ल्यू असेल तर तोवर फाइल रिकामीही झालेली असते. पायथन 3.15 पासून यूटीएफ-8 हेच डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) आहे आणि त्यात मराठीही बसतं, पण शाळा-कॉलेजांतल्या मशिनींवर जुन्या आवृत्त्या असतातच. लिहिताना आणि वाचताना, दोन्ही वेळा एन्कोडिंग="यूटीएफ-8" द्या. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडायची असेल तर लिहिताना ‘यूटीएफ-8-सिग’ द्या, नाहीतर हापूसच्या जागी भलतीच अक्षरं दिसू शकतात.