दूध, कोवळे ऊन आणि स्टेरॉइड : एका संदेशाला उत्तर

व्हॅस्क्युलायटिसच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या रुग्णांसाठी म्हणून एक संदेश आमच्या दादरच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर महिनाभरात तीनदा येऊन गेला. त्याचे म्हणणे असे : स्टेरॉइडची मात्रा कमी असेल तर हाडांना काही होत नाही, हाडे ठिसूळ होणे हा उतारवयातल्या बायकांचा आजार आहे, दूध आणि कोवळे ऊन पुरेसे आहे, आणि तरीही भीती वाटली तर गोळी सरळ बंद करावी. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार असल्यामुळे या चारही विधानांना उत्तर देणे मला भाग आहे.

मात्रेपासून सुरुवात करतो. मूत्रपिंड किंवा फुप्फुस धोक्यात असेल तेव्हा प्रेडनिसोलोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड बहुधा दिवसाला ५० ते ६० मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि महिनोन्‌महिने उतरवत आणावे लागते. हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच, कारण स्टेरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देते आणि लघवीवाटे जास्त घालवते. त्यात मूळ दाहही हाड पोखरत असतो. पुढे गोळी ५ मिलिग्रॅमवर आली तरी धोका संपत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिवसाला २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांना लागू होतात, यावरून 'कमी' कशाला म्हणायचे ते ठरवावे.

भाऊ तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि उपचार सुरू होऊन पाच महिने झाले होते. पाठ दुखते म्हणाला, तेव्हा विरार लोकलमध्ये रोज उभ्याने धक्के खाऊन पाठ भरली असेल, असे आम्ही सगळेच धरून चाललो. आई रोज रात्री बाम चोळत राहिली. दीड महिन्याने एक्स-रे काढला, तर कण्यातला एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला दिसला. तो कुठे पडला नव्हता. न्हाणीघरातली भरलेली बादली उचलल्याचे तेवढे त्याला आठवत होते. तोवर त्याच्या हाडांची घनता कोणीही मोजली नव्हती, आणि ती मोजायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. मणक्याचे असे अस्थिभंग अनेकदा दुखतही नाहीत, म्हणून उंची कमी झाली किंवा पाठीला बाक आला तरी तपासणी करून घ्यावी.

उतारवयातल्या बायकांविषयीच्या विधानाला भावाचा मणका हेच उत्तर आहे. शिवाय टाकायासू आर्टरायटिस हा याच गटातला आजार प्रामुख्याने चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना होतो.

दूध आणि ऊन निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पेलाभर दुधातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळते. मुंबईतल्या काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत बसून मात्र ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. पण हा केवळ पाया झाला. धोका जास्त असलेल्यांना हाडांची झीज रोखणारे औषधही लागते. भाऊ दर रविवारी पहाटे, नळाला पाणी येण्याच्या वेळी उठून, उपाशीपोटी अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतो आणि पुढचा अर्धा तास आडवा होत नाही, चहालाही हात लावत नाही. हे औषध मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ते घेऊ नये.

गोळी सरळ बंद करण्याचा सल्ला या संदेशात सर्वांत घातक आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीरात नैसर्गिक स्टेरॉइड बनवणारी स्वतःची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी सुस्तावलेली असते. गोळी एकाएकी थांबली तर उलट्या होऊन, रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते आणि दबलेला दाहही उसळू शकतो. मात्रा कमी करण्याचा आग्रह रास्त आहे, पण तो डॉक्टरांकडे धरावा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेक्सिव्हास चाचणीत, आंका प्रकारच्या, म्हणजे स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांशी जोडलेल्या, गंभीर व्हॅस्क्युलायटिसच्या ७०४ रुग्णांमध्ये, पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या ६० टक्क्यांहूनही कमी स्टेरॉइड देऊन मृत्यू किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही आणि गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. भावाची मात्राही अशीच, दर भेटीत रक्त-लघवीचे अहवाल पाहून, टप्प्याटप्प्याने ५ मिलिग्रॅमवर आली आहे.