ओकायामाच्या बागेत भाताची खाचरं आहेत, हे कुणी सांगतच नाही

मार्च संपत आला की फेसबुकवर जपानचे ठरलेले फोटो सुरू होतात. गुलाबी झाड आणि खाली आपली मंडळी. हौस जरूर करावी. पण जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेत जाऊन फक्त चेरीचा बहर बघून परतलेली माणसं भेटली की मला राहवत नाही. अहो, त्या बागेत चेरी एका कोपऱ्यात आहे! बहरच बघायचा तर बाहेर, नदीकाठी जा.

इकेदा त्सुनामासा या दाइम्योने, म्हणजे तिथल्या सरदाराने, १६८७ मध्ये ही बाग करायला घेतली आणि १७०० मध्ये ती उभी राहिली. सुमारे १३ हेक्टर. तळी, ओढे, चहागृहं आलीच; पण चक्क भाताची खाचरं आणि चहाचा मळासुद्धा. आज जिथे ऐसपैस हिरवळ दिसते, तिथेही पूर्वी बरीचशी शेतीच होती. सरदाराच्या खासगी बागेत शेत! मला तर सगळ्यात जास्त आवडला तो चहाचा मळा. नीट कातरलेल्या गोलसर ओळी आणि वर कोवळी पोपटी पालवी. तिथे फोटो काढायला कुणीही थांबत नव्हतं.

मधोमध युइशिन्झान नावाची टेकडी आहे, उंची जेमतेम ६ मीटर. रोज पर्वती चढणाऱ्याला हसू येईल. पण वर गेलात की तळं, त्यातली बेटं आणि नदीपलीकडचा काळा किल्ला एकदम नजरेत येतो. किल्ला बागेच्या हद्दीबाहेर, तरी देखाव्यात पक्का धरलेला. आणि चालताना तो सारखा दिसतही नाही. वाट वळते, झाडी आड येते, पुढच्या वळणावर पुन्हा हजर. म्हणून ही बाग चालूनच बघायची. एका बाकावर बसून डबा खाऊन परत, असं इथे चालणार नाही.

बसायचंच असेल तर र्‍युतेनमध्ये. खाली भिंती नसलेली लाकडी इमारत, मधून वाहता पाट आणि पाटात सहा रंगीत दगड. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला आणि बागेतल्या बऱ्याच इमारती जळाल्या, ही वाचली. बाकीची बाग जुन्या चित्रांवरून पुन्हा सावरली.

सिंहगड रोडचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं. त्यामुळे पुणेकरांना तळं, पूल, चढउतार ओळखीचे वाटतील. किल्ला मात्र कुठून आणणार?

जायचं तर माझं ऐका, चेरीची गर्दी ओसरू द्या आणि मे महिन्यात जा. तेव्हा चहाची खुडणी असते. स्टेशनवरून ट्राम पकडून शिरोशिताला उतरा, पुढे दहा-पंधरा मिनिटं चाला. किल्ल्यात आत जायचं का, असं बरेच जण विचारतात. आत्ताचा किल्ला १९६६ साली बांधलेला, काँक्रीटचा. बाहेरून झकास दिसतो, तेवढं पुरे. वाचलेला तास बागेत घाला.