किरकोळ सुधारणा

शनिवारी सकाळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर इंग्रजीत माझं अभिनंदन चाललेलं. कशाबद्दल, तर म्हणे तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर रात्रीत अपडेट झालं आहे. त्यात माझं कर्तृत्व काय? मी घरी झोपलो होतो.

खाली 'नवीन काय?' असं एक निळं बटण होतं. दाबलं. दोन ओळी आल्या: 'कामगिरीत सुधारणा. किरकोळ दोष दूर केले.'

संपलं. कुठले दोष? कुणाचे? किती दिवसांपासून होते? आमच्या धंद्यात एखादा गवंडी 'मालक, घरात किरकोळ दुरुस्ती केली' एवढंच बोलून हात पुढं करायला लागला, तर घरमालक त्याला ओळंब्यासकट बाहेर काढील. कुठली वीट काढलीस, कुठली बसवलीस, सिमेंट किती खाल्लंस ते आधी सांग. इथं मात्र वर्षाचे पैसे आगाऊ भरून दोन ओळी.

पहिला बदल मीच शोधून काढला, म्हणजे त्यानंच मला शोधलं. 'छापा'चं बटण इतकी वर्षं डाव्या हाताला होतं. आता तिथं 'रद्द' बसलं होतं आणि 'छापा' उजवीकडं सरकलं होतं. माझी बोटं काही पडदा वाचून चालत नाहीत, सवयीनं चालतात. पहिल्या तीन गिऱ्हाइकांची बिलं मी मन लावून केली आणि मन लावून रद्द केली. तिसरा खानापूरचा प्लंबर होता. तो म्हणाला, "काका, कागदावर लिहून द्या की. मला एसटी हाय."

चौथ्या बिलाला प्रिंटर टरर्र वाजला तेव्हा दुकानातल्या पोरानं टाळी वाजवली. पोरगा बैलहोंगलकडचा. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतो, पण धीर मात्र कन्नडमध्ये देतो. "आयतु बिड्री," म्हणाला. म्हणजे झालं, सोडून द्या.

सोडून द्यायचा आमच्या घराण्याचा स्वभाव नाही. मी हेल्पलाइनला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीसाठी काय दाबायचं ते कुणी सांगितलं नाही, राग दाबला. दोन दाबलं. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. "सर, व्हर्जन कौनसा है?" मी म्हटलं, नया. "नंबर, सर?" तो नंबर मदतीच्या यादीत अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत होता. भिंग लावून वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, उसमें माइनर इम्प्रूव्हमेंट्स हैं." एवढं मला बासरीच्या आधीपासून माहीत होतं.

भाचा बेंगळूरला याच कामात आहे. रविवारी सापडला.

"मामा, आधीचा नंबर काय होता?"

"सहा, दोन, चार."

"आणि आत्ताचा?"

"सहा, तीन, शून्य."

"मग मधला आकडा वाढलाय. शेवटचा वाढला तर नुसती दुरुस्ती. मधला वाढला तर काहीतरी नवीन घातलंय. पहिला वाढला तर देवाचं नाव घ्यायचं आणि आधी बॅकअप घ्यायचा."

"मग किरकोळ कसं म्हणतात?"

"असा रिवाज आहे, मामा. खरं, पाळलाच पाहिजे असं कुठं आहे?"

त्यानं मला त्याच्या धंद्याचं आतलं सांगितलं. काय बदललं, कुणी बदललं, का बदललं याची ओळीनं नोंद प्रोग्रामर लोकांकडं असते. गिऱ्हाइकाला दाखवायचा मजकूर वेगळा. तो शुक्रवारी संध्याकाळी, ज्याला घरी जायची सर्वांत घाई असेल त्याच्याकडून लिहून घेतात. मोबाइलच्या ॲपला तर प्ले स्टोअरवर या मजकुरासाठी 500 अक्षरांचीच जागा मिळते म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, जागा अपुरी पडली असं काही दिसत नाही.

मग तो म्हणाला, "आमच्याकडं डिफ म्हणून एक प्रोग्राम असतो. युनिक्समध्ये 1974 पासून आहे. जुनी फाइल आणि नवी फाइल दिली की नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या ते काढून देतो."

"मग पाठव की मला."

"तुमच्याकडं जुनी फाइल कुठाय, मामा?"

जुनी फाइल माझ्याकडं होती. काउंटरमागच्या तारेत खोवलेली, गुलाबी, कार्बनची.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर मी पोराला बसवला. शुक्रवारचं एक बिल तारेतून काढलं: शिनोळीचं गिऱ्हाईक, पीव्हीसी पाइप, आधीचे 2,000, करासकट 2,360. तंतोतंत तसंच बिल नव्यानं करायला लावलं. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून दारात उन्हाला धरले. बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "नोटा खोट्या आल्यात काय?"

गुलाबीतून पांढरं दिसायला जरा वेळ लागतो. आधी नुसता ठिपक्यांचा चिखल दिसतो. मग ओळीवर ओळ बसते आणि जिथं बसत नाही तिथं अक्षर दुहेरी दिसतं, चष्मा विसरल्यासारखं. पहिलं दुहेरी अक्षर डोक्यावरच सापडलं, गावाच्या नावात. जुन्या बिलावर इंग्रजीत बेलगाम, नव्यावर बेळगावी. सरकारनं नाव बदललं 2014 साली. ते आमच्या बिलापर्यंत आत्ता चालत आलं.

दुसरं, नग मोजायची तऱ्हा. चार पाइपचे आता 4.000 पाइप झाले होते. पाइपचा हजारावा भाग मागायला अजून कुणी आलेलं नाही, आलं तर आमची तयारी आहे.

आणि तिसरं, अगदी तळाला. जुन्या बिलावर केंद्राचा कर 180, राज्याचा कर 180. नव्यावर एकच ओळ, आयजीएसटी 360, म्हणजे माल दुसऱ्या राज्यात गेला तर लागतो तो कर. बेरीज दोन्हीकडं 2,360. म्हणून तर गेल्या दोन दिवसांत गिऱ्हाईक बोललं नाही, मी बघितलं नाही. बेरीज जुळली की आत कोण बघतो?

बाकीची नवी बिलं काढली. माझ्या हातच्या बिलांवर नऊ-नऊ टक्के दोन ओळींत आणि पोराच्या हातच्या काही बिलांवर अठराची एकच ओळ. आता संशय पोरावर. तो शपथा घ्यायला लागला. शेवटी उलगडलं ते असं, की मी गिऱ्हाइकाच्या जागी नुसतं 'रोख' लिहितो. पोरगा शिस्तीचा. नाव, गाव, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र असा लग्नपत्रिकेसारखा पत्ता घालतो. जुनं सॉफ्टवेअर तो पत्ता नुसता छापायचं. नवं वाचायला लागलं होतं.

आमच्या सीएंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबरच करतंय. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर दुसऱ्या राज्याचा पत्ता लिहिला, तर माल त्या राज्यात गेला असं धरायचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून तसा नियम आहे. पत्ता लिहिलाच नाही तर दुकानाचं राज्य." म्हणजे ज्याला किरकोळ दोष म्हणत होते तो हा. जीएसटीत कर्नाटकाचा कोड 29, महाराष्ट्राचा 27, आणि मधली हद्द माझ्या काउंटरवर येऊन बसलेली. दूध, भाजी, पाहुणे रोज ती ओलांडतात. आता पाइपनंही ओलांडली म्हणायची.

तसे अपडेट आम्हाला नवे नाहीत. आजोबा याच गादीवर बसून मुंबई राज्यात होते. 1956 साली एक नोव्हेंबरला ते गादीसकट म्हैसूर राज्यात गेले. 1973 साली, पुन्हा एक नोव्हेंबरलाच, वडील तक्क्याला टेकल्या टेकल्या कर्नाटकात आले. गावाचं नाव बदललं तेही एक नोव्हेंबरलाच. त्या दिवशी इथं कुणी लाल-पिवळ्या मिरवणुकीत असतं, कुणी काळ्या फिती लावून सायकल फेरीत, पण कुणालाही विचारा, काय बदललं ते तोंडपाठ सांगेल, वर दोन तास भाषण देईल. पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यायचा नियम आला तेव्हाही निदान टक्केवारी कळवली होती. मी टेप लावून पाटी मोजून घेतली. रात्री झोपेत येऊन, अभिनंदन करून, 'किरकोळ' म्हणून पळून जाणारं अपडेट मी हे पहिलंच पाहिलं.

मंगळवारी मी कॅलेंडरच्या मागं माझी स्वतःची यादी लिहून भिंतीला लावली: छापा उजवीकडं, गावाचं नाव, हजारावा भाग, पत्त्याप्रमाणं कर. पोरानं खाली कन्नडमध्ये एक ओळ वाढवली. काय रे हे, म्हटलं, तर म्हणाला, "रद्दला हात लावू नका, असं लिवलंय. तुमच्यासाठी."

तेवढ्यात शुक्रवारचं ते शिनोळीचं गिऱ्हाईक परत आलं, दोन पाइप कमी पडले म्हणून. मी त्याला यादी दाखवली, दोन बिलं उन्हाला धरून दाखवली, 1956 पासून समजावलं. पत्ता घातला तर तुम्ही महाराष्ट्रात, नाही घातला तर कर्नाटकात. बोला, काय लिहू?

त्यानं पाइप खांद्यावर घेतले.

"मालक, गाव कुठलं बी घाला. खरं, सूट किती ते बोला."