‘लाल निघालं म्हणजे कीडच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाल्कनीतल्या फड्या निवडुंगावरचा पांढरा कापूस काडीने चिरडला, लालभडक रस आला, म्हणजे सगळं कॉचिनीलच (निवडुंगाचा रस शोषणारी, लाल रंग देणारी कीड), ते खाणारा लेडीबर्ड बीटल मुंबईत येणार कुठून, आणि ‘लगेच फवारू नका’ सांगून मी लोकांची झाडं घालवतोय.

कुठून येणार? कॉचिनील तरी इथलं कुठे आहे! १७९५ साली रंगासाठी म्हणून ब्राझीलहून एक जात आणली, ती खऱ्या रंगाची निघालीच नाही, पण निवडुंग मात्र तिने फस्त केला. आणि तिला खाणारा, कापसासारख्या पांढऱ्या अळीचा क्रिप्टोलिमस हा लेडीबर्ड बीटल १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. आज तो पिठ्या ढेकणासाठी द्राक्षबागांत सोडतात, आणि कॉचिनीलही खातो.

आता लाल रस. तो रंग कार्मिनिक आम्लाचा. कॉचिनील ते अंगात तयार करतं, पण कॉचिनीलवर पोसलेल्या अळीच्या पोटातही तेच असणार. अमेरिकेतल्या हायपरास्पिस ट्रायफर्काटा या लेडीबर्ड बीटलची अळी तर खाल्लेलं आम्ल रक्तात ठेवते आणि मुंगी अंगावर आली की लाल थेंब सोडते. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझनर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ते दाखवलं. म्हणजे चिरडून लाल आलं, तर कॉचिनील मेलं की त्याला खाणारी अळी, हे कळत नाही. कळायच्या आत ती मेलेली असते, ही खरी पंचाईत.

त्यापेक्षा ओल्या मऊ ब्रशने कापूस हलकेच बाजूला करा. खाली जांभळट, गोल, पानात सोंड रुतवून बसलेला दाणा असेल तर ती कॉचिनीलची मादी. ती जागची हलत नाही. लांबट, वळ्यावळ्यांचं अंग, पुढे डोकं आणि सहा पाय टाकत पळ काढत असेल तर अळी. तिच्या अंगावरचा कापूस, म्हणजे मेण, लांब झिपऱ्यांचं असतं. कॉचिनीलची नुकती जन्मलेली पिल्लंही चालतात म्हणा, पण ती मिलिमीटरभरसुद्धा नसतात.

झाड वाचवायची तुमची घाई मात्र रास्त आहे. अळ्या सगळं कधीच संपवत नाहीत. उघड्यावरच्या निवडुंगाचं कॉचिनील जोराचा पाऊस बराचसा धुऊन काढतो, पण ग्रिलवरच्या पत्र्याखाली पाऊस पोचतो कुठे? तिथे अळ्या बाजूला काढून पाण्याची जोरदार धार मारा. पार भरलेलं पान कापून पिशवीत बांधून टाका. कुंडीभर झाडाला औषध कशाला लागतंय?